अध्याहृत आज्ञा

शाळेत मराठी व्याकरण शिकताना ‘अध्याहृत’ हा शब्द आपण सर्वांनी एकदा तरी पाठ केलेला असतो. ‘इकडे ये’ ह्या वाक्यात कर्ता कोठे आहे, असे गुरुजी विचारीत, आणि कर्ता ‘तू’ हा अध्याहृत आहे, असे आपण उभे राहून सांगत असू. जे उच्चारले गेले नाही, पण ऐकणाऱ्याने गृहीत धरावयाचे आहे, ते अध्याहृत. पुढे व्याकरण विसरले तरी हा व्यवहार सुटत नाही. बसथांब्यावरच्या टपरीवर जाऊन आपण ‘एक चहा’ एवढेच म्हणतो, आणि दूध-साखर घातलेला चहा पुढे येतो. दूध घाला, साखर घाला, असे कोणी सांगत नाही. ज्याला साखर नको असेल त्याने तेवढे सांगावयाचे. जो काहीच सांगत नाही त्याला काय द्यावयाचे, ह्याचा निर्णय टपरीवाल्याने आधीच करून ठेवलेला असतो.

आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो संगणकाचा आहे खरा, परंतु त्याचे मर्म ह्या चहाच्या पेल्यात आहे. संगणकावर चालणारा एखादा कार्यक्रम पेटीत बंद करून दूर कोठेतरी पाठविला, ती पेटी तिकडे उघडली, आणि उघडणाऱ्याने काहीच सांगितले नाही, तर त्या कार्यक्रमाने सुरुवात कशापासून करावी? ह्या प्रश्नाचे उत्तर पेटी बांधणाऱ्याने आत लिहून ठेवावे लागते. तिला आम्ही ‘अध्याहृत आज्ञा’ म्हणतो. विषय कारागिरांचा आहे, तो आपल्यासारख्या नागरिकांपुढे कशाला, असे कोणी म्हणेल. पण बँकेचे खाते, परीक्षेचा निकाल, बाजारसमितीचा भाव, सातबाराचा उतारा हे सारे आज अशाच कार्यक्रमांच्या हाती आहे. मध्यरात्री तीन वाजता यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होते तेव्हा त्याच्याजवळ कोणी माणूस बसलेला नसतो. त्या वेळी जी आज्ञा पाळली जाते, ती कित्येक महिन्यांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवलेली असते.

प्रथम ही पेटी म्हणजे काय ते पाहू. मालाची पोलादी पेटी, म्हणजे कंटेनर, आपल्याला ठाऊक आहे. 26 एप्रिल 1956 रोजी माल्कम मॅक्लीन ह्या अमेरिकन वाहतूकदाराचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज अशा 58 पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले, आणि जगाच्या व्यापाराची रीत बदलली. आपल्याकडे 1989 साली सुरू झालेले न्हावाशेवा बंदर मुख्यत्वे ह्याच पेट्यांवर उभे आहे. पेटीत कापूस आहे की यंत्रे आहेत, ह्याची चौकशी उचलणाऱ्या यारीला करावी लागत नाही. पेटीचे माप ठरलेले, कोपऱ्यांच्या कड्या ठरलेल्या. यारीचे काम तेवढ्यावर भागते.

संगणकाच्या कारागिरांपुढे हीच अडचण होती. पुण्यातील यंत्रावर नीट चालणारा कार्यक्रम नागपूरच्या यंत्रावर रुसून बसे, कारण त्याला लागणाऱ्या चार पूरक गोष्टींपैकी एखादी तिथे नसे, किंवा निराळ्या आवृत्तीची असे. त्यावर उपाय असा निघाला की कार्यक्रम आणि त्याला लागणारे सारे साहित्य एकाच पेटीत बांधावे. एका यंत्रात निरनिराळ्या कार्यक्रमांना वेगवेगळ्या खोल्यांत कोंडण्याची कल्पना जुनी आहे. युनिक्समध्ये तिचा आरंभ 1979 पर्यंत मागे नेता येतो. परंतु ती सर्वांच्या हाती आली ती 2013 च्या मार्चमध्ये, सॉलोमन हाइक्स ह्यांनी ‘डॉकर’ हे साधन जगापुढे मांडले तेव्हा. मराठी विकिपीडिया आपल्यापैकी पुष्कळांनी वाचला असेल. 1 मे 2003 रोजी सुरू झालेला हा ज्ञानकोश ज्या यंत्रांवरून आपल्यापर्यंत येतो, तेथेही अलीकडच्या वर्षांत कार्यक्रम अशाच पेट्यांतून चालविण्याची रीत आली आहे.

येथे दोन शब्दांचा खुलासा केला पाहिजे. बांधून ठेवलेल्या, निश्चल अवस्थेतील पेटीला कारागीर ‘इमेज’ म्हणतात. आम्ही तिला ‘ठसा’ म्हणू, कारण एका ठशावरून हवे तितके छाप उठविता येतात. ठशावरून उठविलेला आणि प्रत्यक्ष चालू झालेला जो छाप, तो ‘कंटेनर’. ठसा झोपलेला असतो, कंटेनर जागा असतो. अध्याहृत आज्ञा लिहावयाची ती ठशात, आणि पाळली जाते ती कंटेनर जागा होण्याच्या क्षणी. लिहिण्याची वेळ आणि पाळण्याची वेळ ह्यांतील हे अंतर ध्यानात न ठेवल्यामुळे नवशिक्यांच्या निम्म्या चुका होतात.

ते समजण्यासाठी दूर जावयास नको. मेहकर तालुक्यातील आपल्या ह्या गावी विवेकानंद जन्मोत्सवाचा महाप्रसाद ज्यांनी पाहिला आहे त्यांना दोन वेळांतला भेद सांगावा लागणार नाही. पुऱ्या आणि वांग्याची भाजी ह्यांची सिद्धता आधीपासून चालते. पिठाचे डोंगर, तेलाच्या कढया, चिरलेल्या वांग्यांच्या राशी हा सारा स्वयंपाकघराचा भाग. मग लाखो माणसे शेतात रांगांनी बसतात, आणि ट्रॅक्टरांतून प्रसाद वाढला जातो. आता कल्पना करा, एखाद्या नव्या स्वयंसेवकाने ‘वाढावयास घ्या’ ही सूचना चुकून स्वयंपाकघराच्या यादीत लिहिली. आदल्या रात्री पुऱ्या तळून झाल्या की मंडळी यादीप्रमाणे ट्रॅक्टर काढतील आणि रिकाम्या शेतात वाढून येतील. दुसऱ्या दिवशी माणसे बसतील तेव्हा वाढण्याची आज्ञा कोणापाशीच नसेल.

ठसा बनविण्याची जी कृतिपत्रिका असते, तिला ‘डॉकरफाइल’ म्हणतात. तीत ‘रन’ हा शब्द स्वयंपाकघरातला आहे. हे साहित्य आण, ते बसव, ही कामे ‘रन’ने सांगावयाची, ती ठसा बनतानाच उरकतात. ‘सीएमडी’ हा शब्द, म्हणजे ‘कमांड’चे संक्षिप्त रूप, पंगतीतला आहे. ठसा बनताना तो काहीच करीत नाही, नुसता टिपून ठेवला जातो, आणि कंटेनर जागा होताना पाळला जातो. कार्यक्रम सुरू करण्याची आज्ञा ‘रन’ने दिली तर काय होते? तो कार्यक्रम स्वयंपाकघरातच सुरू होतो. तो न थांबणारा असेल तर ठसा बनण्याचे काम तिथेच अडकून बसते. आणि तो पाठीमागे ढकलून पुढे गेलो, तर ठसा पूर्ण होताना तो मावळतो. पेटीत बांधली जातात ती पानांवरची अक्षरे. चालू असलेले काम बांधता येत नाही.

ही ‘सीएमडी’ म्हणजेच आपली अध्याहृत आज्ञा. तिचे नियम थोडे आहेत. एका कृतिपत्रिकेत ती अनेकदा लिहिली तर शेवटची तेवढी खरी. आधीच्या मुकाट्याने रद्द होतात. ती मुळीच लिहिली नाही तर ज्या मूळ ठशावर आपण आपला ठसा रचला त्याची आज्ञा वारशाने येते. उदाहरणार्थ, पायथन ह्या भाषेच्या प्रसिद्ध ठशावर आपला कार्यक्रम रचून आज्ञा लिहावयास विसरलो, तर कंटेनर आपला कार्यक्रम न उघडता पायथनची कोरी पाटी उघडतो, आणि समोर लिहिणारा कोणी नाही असे पाहून लगेच बंद होतो. आपण मात्र कार्यक्रमात दोष शोधीत बसतो. आणि तिसरा नियम असा की चालविणाऱ्याने ठशाच्या नावापुढे स्वतःची काही आज्ञा दिली, तर ‘सीएमडी’ आपले आसन सोडते. अध्याहृताचा स्वभावच हा आहे. ‘राम, इकडे ये’ असे स्पष्ट म्हटल्यावर ‘तू’ कोण हे तर्काने शोधावे लागत नाही.

पण काही पेट्यांचे प्रयोजन एकच असते. ती पेटी दुसऱ्या कशासाठी उघडावी असे बांधणाऱ्याच्या मनात नसते. मुभा असते ती तपशिलापुरती. त्यासाठी ‘एन्ट्रीपॉइंट’ असा दुसरा शब्द आहे. पुन्हा चहाकडे वळू. टपरी चहाची आहे, हा ‘एन्ट्रीपॉइंट’. दूध आणि साखर ही ‘सीएमडी’. दोन्ही लिहिलेली असली म्हणजे कंटेनर आधी ‘एन्ट्रीपॉइंट’ घेतो आणि ‘सीएमडी’तील शब्द त्याला जोडतो: चहा कर, दूध घालून, साखर घालून. गिऱ्हाइकाने काही निराळे सांगितले तर ते चहाच्या पुढील भागाची जागा घेते. चहा मात्र कायम राहतो. टपरीच बदलावयाची असेल तर तसा वेगळा, ठळक हुकूम द्यावा लागतो. तो देण्याची सोय आहे, पण चुकून तो दिला जात नाही.

येथे आमचा दृष्टान्त एका ठिकाणी अपुरा पडतो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी पुष्कळजण फसतात. टपरीवर ‘बिनसाखरेचा’ म्हटले तर साखर जाते, दूध राहते. कारण टपरीवाल्याला अक्कल आहे. संगणक तसे करीत नाही. गिऱ्हाइकाचा एक शब्द आला की तो ‘सीएमडी’तील सारे शब्द टाकून देतो. ‘बिनसाखरेचा’ म्हणाल तर दूधही गेले आणि काळा चहा समोर आला. जे राहावे असे वाटते ते पुन्हा उच्चारले पाहिजे. म्हणून जे कधीही सुटू नये ते ‘एन्ट्रीपॉइंट’मध्ये, आणि जे बदलले तरी चालेल तेवढेच ‘सीएमडी’मध्ये, अशी वाटणी करावी. ‘कुबरनेटीस’ नावाच्या, असंख्य कंटेनरांची व्यवस्था लावणाऱ्या साधनात ह्याच दोन गोष्टींना निराळी नावे आहेत. तेथे ‘कमांड’ म्हणजे आपला ‘एन्ट्रीपॉइंट’, आणि ‘आर्ग्स’ म्हणजे आपली ‘सीएमडी’. नावांच्या ह्या अदलाबदलीने जाणतेही चकतात.

ह्या जोडीचा उत्तम उपयोग पाहावयाचा तर ‘पोस्टग्रेस’ ह्या माहितीसंग्राहकाचा ठसा पाहावा. त्याच्या ‘एन्ट्रीपॉइंट’मध्ये एक लहानशी आज्ञावली आहे, आणि ‘सीएमडी’मध्ये एकच शब्द: ‘पोस्टग्रेस’. जागे झाल्यावर ती आज्ञावली आधी कोठार रिकामे आहे काय ते पाहते. रिकामे असेल तर ते मांडून घेते, मालकाचे नाव आणि परवलीचा शब्द नोंदविते. भरलेले असेल तर त्याला हात लावीत नाही. मग ती मुख्य कार्यक्रमाला आपली जागा देऊन स्वतः नाहीशी होते. हे नाहीसे होणे फार महत्त्वाचे आहे.

ते का, हे कळण्यासाठी कंटेनरच्या आयुष्याचा नियम सांगितला पाहिजे. कंटेनरात जी प्रक्रिया प्रथम सुरू होते तिचा क्रमांक एक. ती जिवंत आहे तोवर कंटेनर जिवंत. ती संपली की कंटेनर संपला, मग आत दुसरे काही चालू असो वा नसो. ‘एन्जिनएक्स’ हा संकेतस्थळांची पाने वाढणारा कार्यक्रम आहे. एरवी त्याची रीत अशी की सुरू झाल्यावर तो आपले खरे काम पाठीमागे नेऊन ठेवतो आणि पुढचे दार सोडून जातो. साध्या यंत्रावर हे ठीक आहे. कंटेनरात पुढचा निघून गेला की खेळ आटोपला. म्हणून त्याच्या ठशातील अध्याहृत आज्ञेत ‘मागे जाऊ नकोस’ अशा अर्थाचे शब्द मुद्दाम घातलेले असतात.

आणि कंटेनर थांबवावयाचा असतो तेव्हाही निरोप जातो तो ह्या पहिल्याकडेच. ‘सिगटर्म’ नावाचा सौम्य इशारा प्रथम दिला जातो. हातातले आवरा आणि निघा, असा त्याचा अर्थ. डॉकर सर्वसाधारणपणे दहा सेकंद वाट पाहतो, कुबरनेटीस तीस. तेवढ्यात तो निघाला नाही तर ‘सिगकिल’ येतो, आणि त्याला दयामाया नाही. आता आज्ञा लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. शब्द चौकटी कंसात, एकेक अवतरणात, स्वल्पविरामांनी तोडून लिहिले तर कार्यक्रम स्वतःच पहिला होतो. साध्या वाक्याप्रमाणे लिहिले तर मध्ये ‘शेल’ येतो. शेल म्हणजे आज्ञा वाचून दुसऱ्याकडून करवून घेणारा कारकून. काही शेल एकच साधी आज्ञा असली तर स्वतः बाजूला होतात. पण त्यावर विसंबू नये. पुष्कळदा पहिल्या खुर्चीवर कारकून बसून राहतो, इशारा त्याला मिळतो, आणि तो पुढे सांगण्याची त्याची रीत नाही.

ह्यात आम्ही कसे पोळलो ते सांगणे भाग आहे, कारण पुस्तकातून शिकलेले आम्ही विसरलो होतो आणि हे विसरणे शक्य नाही. एका गावी नेत्रशिबिर होते. रुग्णांच्या नावनोंदणीसाठी आम्ही एक लहान कार्यक्रम लिहून दिला होता. नोंदी एकेक न लिहिता पंचवीसचा गठ्ठा झाला की तो कोठारात टाकावा, आणि थांबण्याचा इशारा आला की उरलेल्या नोंदी टाकून मग निघावे, अशी आमची योजना होती. सुरुवातीसाठी दोन ओळींची आज्ञावली होती: पहिल्या ओळीत कोठार तपासणे, दुसरीत कार्यक्रम सुरू करणे. दुपारी एक किरकोळ दुरुस्ती करण्यासाठी आम्ही कंटेनर थांबविला. थांबावयास पुरे दहा सेकंद लागले. आम्हांला त्याचे नवल वाटले नाही. वाटावयास हवे होते.

पुन्हा सुरू केल्यावर सतरा नावे नव्हती. त्यांतील एक आजी पहाटेच्या गाडीने आल्या होत्या. हातात क्रमांकाची चिठ्ठी होती, आणि टेबलावरचा मुलगा त्यांना सांगत होता, ‘आजी, तुमचं नाव यात नाही.’ त्यांनी चिठ्ठी पुन्हा पुढे केली. संगणक खोटे बोलत नाही असे मानणारा तो मुलगा, आणि चिठ्ठी खोटी नाही हे जाणणाऱ्या त्या आजी, ह्यांच्या मध्ये आम्ही उभे होतो, आणि चूक आमची होती. नावे तोंडी विचारून पुन्हा लिहिली गेली, आजींची तपासणी झाली. पण रांगेतला त्यांचा सकाळचा क्रमांक त्यांना मिळाला नाही. त्या शेवटी गेल्या.

रात्री कारण सापडले. आज्ञावलीच्या दुसऱ्या ओळीने कार्यक्रम सुरू केला होता, पण आज्ञावली चालविणारा शेल पहिल्या खुर्चीवरून उठला नव्हता. निरोप त्याला मिळाला. त्याने तो पुढे दिला नाही, स्वतःही पाळला नाही. कारण पहिल्या क्रमांकाच्या प्रक्रियेने ज्या इशाऱ्याची दखल घेण्याची तरतूद स्वतः केलेली नसते तो तिच्या बाबतीत निष्फळ ठरतो, असा लिनक्सचा कायदा आहे. दहा सेकंद गेले, ‘सिगकिल’ आला, आणि सतरा नावे गेली. दुरुस्ती एका शब्दाची होती. दुसऱ्या ओळीच्या आरंभी ‘एक्झेक’ हा शब्द घातला की शेल आपली खुर्ची कार्यक्रमाला देऊन जातो. पोस्टग्रेसच्या आज्ञावलीत अखेरीस हाच शब्द आहे. त्यानंतर तोच कंटेनर एका सेकंदाच्या आत थांबू लागला. दुसरी दुरुस्ती आम्ही मनाने केली: प्रत्येक नोंद झाली की लगेच कोठारात टाकावी. वीज जाताना कोणाला इशारा देत नाही.

ज्यांना हे काम करावयाचे आहे, आणि आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांतून अशी मुले आता निघत आहेत, त्यांनी ठसा दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी तीन गोष्टी करून पाहाव्यात. काहीएक न सांगता तो चालवावा, आणि जे व्हावेसे वाटते तेच होते काय ते पाहावे. नंतर एखादा शब्द जास्त देऊन चालवावा, आणि त्याने काय राहिले, काय गेले हे तपासावे. शेवटी तो थांबवावा आणि घड्याळ पाहावे. थांबावयास नेमके दहा सेकंद लागत असतील तर निरोप पोचलेला नाही असे समजून शोधास लागावे. ज्या कार्यक्रमाला पहिल्या खुर्चीचे नियम ठाऊक नाहीत त्याच्यापुढे एक लहानसा जाणता रखवालदार बसविण्याची सोयही डॉकरमध्ये 2017 सालच्या 1.13 ह्या आवृत्तीपासून आहे; तो इशारे पुढे पोचवितो.

आणि जे दुसऱ्याने बांधलेला ठसा वापरतात, त्यांनी तो उघडण्यापूर्वी त्यातील अध्याहृत आज्ञा वाचून घ्यावी. ती पाहण्याची सोय आहे, आणि तिला क्षणभरही लागत नाही. आपण काही बोललो नाही म्हणजे काही घडणार नाही, असे मानणे धोक्याचे आहे. आपण गप्प राहिलो की बांधणाऱ्याचे म्हणणे अमलात येते, मग ते शहाणपणाचे असो वा नसो.

महाप्रसादाच्या पंगतीत शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला, कोणत्या ट्रॅक्टरने कोठून निघावे आणि कोठे थांबावे हे कोणी ठरविले, ते ठाऊक नसते. त्याला ठाऊक असण्याचे कारणही नाही. त्याच्या पानावर पुरी आली म्हणजे ठरविणाऱ्याचे काम झाले. त्या आजींच्या पानावर मात्र आमच्या हातून त्या दिवशी वेळेवर काही पडले नाही. तेव्हापासून आज्ञेची ओळ लिहिताना, ती ज्या वेळी पाळली जाईल त्या वेळी आपण तिथे नसू, हे आम्ही आधी मनाशी म्हणतो आणि मग लिहितो.